डाव आणि भिडू

पत्ते कुटणें हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत आळसाचें दुसरें नांव होऊन बसला आहे. परीक्षा जवळ आली असतां मुलाच्या हातीं पानें दिसलीं कीं वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडत. आणि तीच वडील मंडळी मे महिन्याच्या दुपारीं माजघरांत सतरंजी पसरून मेंढीकोटाचा डाव मांडीत, हाहि अनुभव आमच्या बहुतेक वाचकांचा असेल. चौघे गडी, समोरासमोर बसलेले भिडू, प्रत्येकास तेरा पानें, आणि सर्वांचा डोळा त्या चार दश्श्यांवर! एखाद्यानें भिडूची दश्शी फुकट घालविली तर त्या अपराधाचा उल्लेख पुढच्या सुटीपर्यंत होत राही. कोपऱ्यांत बसलेलें लहान मूल आजीचीं पानें पाहून आनंदानें टाळ्या पिटी व सारी गुप्तता उघडी पाडी. हरलेल्या पक्षानें सरबत करावें, असा आमच्या घरचा नियम होता.

आमच्या घरचा हा डाव पस्तीस वर्षें चालला आणि मग मोडला. वडील निवर्तले, काकूंची दृष्टि मंदावली, धाकटे बंधु नोकरीनिमित्त न्यू जर्सीस स्थायिक झाले. मातुःश्रींनीं पानांचा जोड रुमालांत बांधून कपाटांत ठेविला तो ठेविलाच. पुढें २०२० सालच्या टाळेबंदींत, दारें बंद आणि दिवस लांब अशा त्या उन्हाळ्यांत, लंडनला शिकत असलेल्या आमच्या पुतणीनें फोनवरून समजावून देऊन आजीच्या टॅब्लेटवर मेंढीकोटाचा खेळ उतरविला. मातुःश्रींनीं तो पाहिला आणि म्हणाल्या, "पानें हातांत नाहींत, भिडू समोर नाहीं, मग हा डाव कसला?"

हा प्रश्न आम्हांस त्या वेळीं म्हातारपणाचा हट्ट वाटला होता. आज तो तसा वाटत नाहीं. घरोघरीं मुलें मोबाईलवर बुद्धिबळ, लुडो, रमी खेळतांना दिसतात, आणि त्याचें कौतुक करावें कीं मोबाईल काढून घ्यावा हें आईबापांस उमगत नाहीं. म्हणून त्या प्रश्नाचा थोडा विचार करणें अवश्य आहे.

दूरचा डाव नवा नाहीं

दूर बसून खेळणें ही कांहीं इंटरनेटची निर्मिति नव्हे. बुद्धिबळांत ही प्रथा दोनशें वर्षांची आहे. १८२४ सालीं एडिंबरो व लंडन या दोन शहरांच्या मंडळांमध्यें पत्रद्वारां सामना सुरू झाला, तो १८२८ पर्यंत चालला आणि एडिंबरोनें जिंकला. एक खेळी टपालगाडीनें जाई, तिचें उत्तर येई, आणि मधल्या दिवसांत जाणते लोक पटाभोंवतीं बसून वाद करीत. आपल्या देशांतहि त्याच सुमारास, १८२८-२९ मध्यें, मद्रास व हैदराबाद यांच्या दरम्यान असा पत्रांचा सामना झाला. मद्रासचे प्रख्यात खेळाडू गुलाम कासीम त्यांत होते. १८४४ सालीं वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यामध्यें तारायंत्र सुरू झालें, आणि त्याच वर्षीं तेथील खेळाडू तारेवरून खेळ्या पाठवूं लागले. १८९७ मध्यें तर ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद व अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे सभासद समुद्राखालून गेलेल्या तारेच्या साह्यानें एकमेकांस शह देत होते.

पत्त्यांस मात्र हें सुख लाभलें नव्हतें. बुद्धिबळांत झांकण्यासारखें कांहींच नसतें. हत्ती, उंट, घोडे सर्व उघड्यावर उभे. पत्त्यांचा सारा खेळ झांकलेल्या पानांवर. तेथें जोड पिसून निःपक्षपातानें पानें वांटणारा, कोणाचें पान कोणास न दाखविणारा असा एक विश्वासू त्रयस्थ पाहिजे, आणि तो पत्रानें वा तारेनें मिळण्याजोगा नव्हता. संगणकानें ही उणीव भरून काढली. १९९० पासून ब्रिजचे शौकीन संगणकाच्या जाळ्यावरून खेळूं लागले, आणि २००१ सालीं सुरू झालेल्या ब्रिज बेस ऑनलाइन या संस्थळानें जगाच्या चारी कोपऱ्यांतील चार गडी एका टेबलाशीं बसविले. त्याच १९९० सालीं विंडोजबरोबर सॉलिटेअर हा एकट्यानें खेळावयाचा पत्त्यांचा डाव घरोघरच्या संगणकांत आला. माउसनें वस्तु उचलून दुसरीकडे नेण्याची लोकांस संवय व्हावी, हा त्यांत एक हेतु होता. पण सरकारी कचेरीपासून बँकेपर्यंत तो डाव कसा पसरला हें आम्ही डोळ्यांनीं पाहिलें आहे.

म्हणजे इंटरनेटवर एकाच वेळीं दोन वस्तु आल्या. एक, दूरच्या माणसांस जवळ आणणारा डाव. दुसरी, जवळच्या माणसांपासून दूर नेणारा डाव. पडदा तोच, पानेंहि तींच. आईबापांचा घोटाळा होतो तो येथें.

पानें वांटणारा अदृश्य हात

यंत्र लबाडीनें पानें वांटतें, अशी तक्रार मातुःश्रींनीं पहिल्याच आठवड्यांत केली. "एका हातांत आठ इस्पिक! असें आमच्या वेळीं कधीं झालें नाहीं." लुडो खेळणारीं मुलेंहि म्हणतात कीं, आमच्याच वांट्यास सहा येत नाहीं. या तक्रारींत थोडी मौज व थोडें गणित आहे.

बावन्न पानें ज्या निरनिराळ्या क्रमांनीं लागूं शकतात त्यांची संख्या अडुसष्ट आंकडी आहे. १९९२ सालीं डेव्ह बेयर आणि पर्सी डायाकोनिस या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं दाखविलें कीं, जोडाचे दोन भाग करून तीं पानें एकमेकांत मिसळण्याची क्रिया सुमारें सात वेळां केली तरच जोड नीट मिसळला म्हणतां येतो. घरांत सात वेळां कोण पिसतो? दोन वेळां पिसलें कीं "वांटा आतां" म्हणून घाई सुरू. त्यामुळें मागच्या डावांत एकत्र पडलेलीं पानें पुढच्या डावींहि एकमेकांच्या शेजारींच राहत. ब्रिजमध्यें पानें एकेक करून वांटतात. तेथें अशा अर्धवट पिसण्यानें प्रत्येकास चारी प्रकारचीं पानें सारखीं सारखीं येत, आणि लोकांस तीच निसर्गाची रीत वाटे. संगणकानें खरोखर मिसळलेलीं पानें वांटूं लागतांच जुने ब्रिज खेळणारे, हे हात विचित्र आहेत, अशी कुरकुर करूं लागले. वस्तुतः विचित्र होते ते आपले जुने हात! लुडोचेंहि तसेंच. बारा वेळां फासा टाकून एकदांहि सहा न पडणें हें सरासरीनें दर नऊ प्रसंगांत एकदां घडणारच. मन तो एक प्रसंग लक्षांत ठेवतें, उरलेले आठ विसरतें.

हें सांगितल्यावर मातुःश्रींचें समाधान झालें असें मात्र नाहीं. त्या म्हणाल्या, "गणित खरें असेल, पण पूर्वीं पिसणाऱ्याचे हात आम्हांला दिसत होते." यांतील मर्म विसरण्याजोगें नाहीं. फुकटच्या घरगुती डावांत यंत्रास लबाडी करण्याचें कारण नाहीं. पण जेथें पैसा लागतो तेथें, ज्याचे हात दिसत नाहींत त्याच्याकडून पानें घेणें ही निराळीच गोष्ट होते.

सोंगट्यांचें नवें घर

पटावरील खेळांची कथा आणखी मनोरंजक आहे. वेरूळच्या लेण्यांत शिव आणि पार्वती फासे खेळत बसलेलीं कोरलेलीं आहेत. तेव्हां हा विलास आपल्याकडे किती जुना हें सांगावयास नकोच. सारीपाट व पचीशी यांच्या त्या चौफुलीच्या पटावरूनच इंग्लंडांत एक सोपा खेळ तयार झाला आणि १८९६ सालीं लुडो या नांवानें त्याचें पेटंट घेण्यांत आलें. कवड्या गेल्या, एक फासा आला, आणि आपलाच पट परदेशी कपडे घालून आपल्या दुकानांत विकावयास आला. पुढें २०१६ सालीं नव्या मुंबईंतील एका कंपनीनें लुडो किंग या नांवानें तोच खेळ मोबाईलवर आणला, आणि टाळेबंदींत तो घरोघरीं पोंचला. आजोळीं जाऊं न शकलेलीं नातवंडें त्या उन्हाळ्यांत आजोबांच्या सोंगट्या मोबाईलवर मारीत होतीं.

बुद्धिबळास त्या वर्षीं याहून मोठा मान मिळाला. जागतिक संघटनेनें २०२० सालीं पहिलें ऑनलाइन ऑलिंपियाड भरविलें. भारतीय संघाचे कर्णधार नाशिकचे विदित गुजराथी होते. रशियाबरोबरच्या अंतिम सामन्यांत इंटरनेटच्या बिघाडानें निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख या दोघांचा संपर्क तुटला, घड्याळ चालत राहिलें, आणि वेळ संपून दोघेहि हरले असें यंत्रानें जाहीर केलें. भारतानें दाद मागितली, आणि शेवटीं दोन्हीं देशांस सुवर्णपदक देण्यांत आलें. त्या वेळीं चौदा वर्षांची असलेली हीच दिव्या २०२५ च्या जुलै महिन्यांत जॉर्जियांतील बाटुमी येथें कोनेरू हम्पी यांच्यासमोर प्रत्यक्ष पटावर बसली, आणि महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. मुलांस ही हकीकत अवश्य सांगावी. घड्याळ थांबलें नाहीं हें यंत्राच्या दृष्टीनें बरोबरच होतें. अन्याय झाला आहे हें ओळखावयास माणसें लागलीं.

आजच्या मुलास बुद्धिबळाची जी सोय आहे ती आमच्या पिढीस स्वप्नांतहि नव्हती. टिबो दुप्लेसी या फ्रेंच तरुणानें २०१० सालीं सुरू केलेल्या लिचेस या संस्थळावर एक पैसा न देतां, एकहि जाहिरात न पाहतां, रत्नागिरीच्या मुलास रात्रीं नऊ वाजतां आपल्याच तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो. तोडीचा प्रतिस्पर्धी शोधण्याची युक्ति आर्पाद एलो या अमेरिकेंत स्थायिक झालेल्या हंगेरियन पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची. बलवानास हरविलें तर गुण अधिक वाढतात, दुर्बळाकडून हरलें तर अधिक घटतात.

परंतु या गुणांचीच पुढें बाधा होते. १९९७ सालीं डीप ब्लू या यंत्रानें जगज्जेत्या कास्पारोव्हला हरविलें तेव्हां तें यंत्र कपाटाएवढें होतें. आज त्याहून बलवान खेळाडू प्रत्येक मोबाईलमध्यें बसलेला आहे. आमच्या परिचयांतील एका अकरा वर्षांच्या मुलाचे गुण दोन महिन्यांत भराभर चढले. घरांत पेढे वांटले. पुढें शाळेच्या स्पर्धेंत तो पहिल्याच फेरींत गारद झाला, तेव्हां कळलें कीं वडिलांच्या मोबाईलवर यंत्रास विचारून तो प्रत्येक खेळी करीत होता. मुलास रागें भरण्यांत अर्थ नव्हता. घरच्यांनीं रोज गुण विचारले होते, डाव एकदांहि पाहिला नव्हता.

पैशाचा डाव

आतां या विषयाची जी काळी बाजू तिच्याकडे वळणें प्राप्त आहे. द्यूताचा इतिहास आपल्यास शिकवावयास नको. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचें एक संबंध सूक्त आहे, आणि महाभारत तर द्यूतसभेशिवाय घडलेंच नसतें. तरीहि सुशिक्षित घरांत हा डाव "रमी ही बुद्धीची आहे" या वाक्यासरशीं शिरला. वाक्य अगदींच खोटें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें पूर्वीं एका निकालांत रमी हा मुख्यत्वें कौशल्याचा खेळ आहे असें म्हटलें होतें. पण तो निकाल एका क्लबांत समोरासमोर बसून खेळणाऱ्या सभासदांसंबंधीं होता. रात्रीं दोन वाजतां पांघरुणाखालीं, अनोळखी माणसांबरोबर, पैसे संपले कीं बोटाच्या एका स्पर्शानें आणखी पैसे घालून खेळावयाचा जो डाव, त्यास क्लबांतील डावाचें प्रमाणपत्र कसें लागावें?

आमच्या ओळखीच्या एका घरीं अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलानें पहिल्या आठवड्यांत सातशें रुपये जिंकले आणि आईला साडीसाठीं दिले. सहा महिन्यांनीं त्याच्या परीक्षेची फी भरलेली नाहीं असें पत्र आलें. फी गेलीच होती. शिवाय मित्रांची उसनवार आणि आजीच्या खात्यांतील रक्कमहि गेली होती. आई आम्हांस म्हणाली, "घरांतच तर बसलेला असायचा हो. बाहेर जात नव्हता, म्हणून आम्ही निश्चिंत होतों." जुगाराचा अड्डा पूर्वीं गल्लीच्या टोंकाशीं असे, जाणारा येणारा शेजाऱ्यांस दिसे, आणि ती लाजच कुंपणाचें काम करी. अड्डा उशाशीं आल्यावर तें कुंपण उरलें नाहीं.

२०२५ सालीं संसदेनें यासंबंधीं कायदा केला, व त्यास २२ ऑगस्ट रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत कीं दैवाचे, चालविण्यास त्यानें मनाई केली; चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला; त्यांच्या जाहिराती व त्यांसाठींचे बँकेचे व्यवहारहि निषिद्ध ठरविले. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा सांगितलेली नाहीं. त्यास कायद्यानें फसलेला मानलें आहे. पैशावांचूनचा करमणुकीचा डाव या मनाईंत येत नाहीं. कायदा बाहेरचें दार लावूं शकतो; आंतली कडी घरानेंच लावावयाची असते. मुलाच्या मोबाईलवर कोणते खेळ आहेत, त्यांतील एखादा बँकेच्या खात्याशीं जोडलेला तर नाहीं ना, हें पाहणें म्हणजे अविश्वास नव्हे.

रविवारचा डाव

मातुःश्रींच्या प्रश्नाकडे आतां परत येऊं. टॅब्लेटवरील पहिला डाव अगदीं निरस झाला. चौघेंहि आपापल्या ठिकाणीं गप्प. पानें पडत होतीं, हात उचलले जात होते, गुण आपोआप मांडले जात होते. मातुःश्रींनीं तीन डाव खेळून टॅब्लेट उलटा ठेविला. दुसऱ्या रविवारीं पुतणीनें एक सुधारणा केली: खेळ टॅब्लेटवर, आणि शेजारीं मोबाईलवर चौघांचें बोलणें चालू. मग सारें बदललें. "एवढा वेळ काय विचार करतोस रे?" असें मातुःश्रींनीं न्यू जर्सीच्या मुलास दटाविलें, आणि डावांत डाव आला.

तेव्हांपासून रविवारीं सायंकाळीं साडेसातास आमचा डाव मांडतो. न्यू जर्सींत त्या वेळीं उन्हाळ्यांत सकाळचे दहा व हिवाळ्यांत नऊ असतात; बंधूंच्या हातीं चहाचा पेला असतो. लंडनची दुपार असते. मातुःश्री व बंधु एका बाजूस, पुतणी व आम्ही दुसऱ्या. हरलेल्यानें सरबत करण्याचा नियम अर्थातच चालत नाहीं. त्याऐवजीं हरलेल्या पक्षानें पुढच्या बुधवारीं आजीस फोन करावयाचा असें ठरलें आहे. आणि कधीं कधीं बंधु मुद्दाम वाईट खेळून स्वतःसह आईसहि हरवितात, असा आम्हांस संशय आहे.

या अनुभवावरून आम्ही आमच्या घरापुरते कांहीं नियम केले आहेत. मुलानें कोणता खेळ खेळला असें न विचारतां कोणाबरोबर खेळला असें विचारावें. ओळखीच्या माणसाबरोबर, बोलत बोलत, ठरलेल्या वेळीं खेळलेला डाव हा भेटीचाच एक प्रकार समजावा. त्यास आडकाठी करूं नये. अनोळखी प्रतिस्पर्ध्याशीं बुद्धिबळ खेळावयाचें तर तीन मिनिटांच्या घाईच्या डावापेक्षां अर्ध्या तासाचा एकच डाव खेळावा, आणि हरल्यावर तो पुन्हा मांडून चूक कोठें झाली तें पाहावें. परगांवीं असलेल्या आजोबांशीं नातवानें दिवसाला एकच खेळी असा डाव मांडावा. लिचेसवर एका खेळीस कित्येक दिवसांची मुदत ठेवतां येते, आणि एडिंबरो-लंडनची ती जुनी मौज पुन्हा अनुभवतां येते. पैशाचा डाव कोणत्याहि नांवानें घरांत येऊं देऊं नये. आणि वर्षांतून निदान एकदां खरा जोड व खरा पट बाहेर काढावा.

हा शेवटचा नियम कां केला तें सांगून लेख पुरा करतों. गेल्या मे महिन्यांत बंधु सहकुटुंब पुण्यास आले. त्यांची नऊ वर्षांची कन्या मेंढीकोटांत तरबेज. टॅब्लेटवर तिनें आम्हांस कितीदां तरी हरविलें आहे. मातुःश्रींनीं रुमालाची गांठ सोडली व सतरंजीवर डाव मांडला. त्या मुलीच्या चिमुकल्या मुठींत तेरा पानें मावेनात. हात उचलून आपल्यापुढें नीट ठेवावा हेंहि तिला ठाऊक नव्हतें. पण खरी गंमत पुढेंच झाली. बदामाच्या उतारीवर तिनें हुकूम मारला आणि दश्शी घेतली. दोन हातांनंतर तिच्याच मुठींतून बदामाची सत्ती निघाली.

आमच्या लहानपणीं एवढ्यावर केवढा गहजब झाला असता! मुलगी मात्र गोंधळून पाहूं लागली. तिनें लबाडी केलीच नव्हती. पडद्यावर जीं पानें खेळतां येण्यासारखीं असतात तेवढींच उजळतात, बाकीचीं मंद होतात. चुकीचें पान पडूंच शकत नाहीं. तेव्हां आपल्याजवळ बदाम आहे कीं नाहीं हें स्वतः पाहावें लागतें, ही गोष्ट तिला त्या दिवशीं प्रथम कळली. यंत्रानें तिला सर्व नियम शिकविले होते. नियम पाळण्याची पाळी तिच्यावर कधीं आलीच नव्हती.

मातुःश्रींनीं ती दश्शी परत द्यावयास लावली. रागावल्या नाहींत. तिचीं पानें प्रकारवार लावून देत म्हणाल्या, "अगं, इथें आपल्याला कोणी अडवीत नाहीं. म्हणून आपणच नीट पाहायचें." मुलीनें मान हलविली, दश्शी परत दिली, आणि पुढचीं पानें टाकतांना प्रत्येक वेळीं आपली सगळी मूठ वरपासून खालपर्यंत न्याहाळूं लागली. डाव फार रेंगाळला. कोणीहि घाई केली नाहीं.

न्यू जर्सीस परत जातांना तिनें आजीजवळ तो जुना जोड मागितला. मातुःश्रींनीं दिला. रविवारीं साडेसातास डाव अजून मांडतोच. बंधु सांगतात कीं, डाव संपल्यावर कन्या तीं खरीं पानें घेऊन पिसावयास बसते. अजून तिला नीट पिसतां येत नाहीं. सात वेळां पिसलें पाहिजे, हें मात्र आम्हीं तिला सांगून ठेविलें आहे.